सेनापती आणि तार

लढाई म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे तलवारी, तोफा, रणगाडे आणि विमाने उभी राहतात. ज्या साधनाने एकाचा हुकूम दुसऱ्याच्या कानी पडतो, त्या साधनाकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. वस्तुतः फौज म्हणजे शस्त्रे घेतलेल्या माणसांचा केवळ जमाव नव्हे. एका इच्छेने हालणारा तो जमाव असतो; आणि ती इच्छा एका मस्तकातून हजारो हातांपर्यंत नेणारे जे काही असेल, मग तो जासूद असो, तोफेचा बार असो, तार असो, बिनतारी यंत्र असो किंवा आजचा उपग्रह असो, त्यावर सेनापतीचे सेनापतीपण पुष्कळ अंशी अवलंबून असते.

संदेश जितका जलद तितका सेनापती समर्थ, अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे. ती अगदीच खोटी आहे असे नाही. परंतु आपल्याच मुलखाचा इतिहास चाळला असता ती अर्धीच खरी आहे असे दिसून येते. उरलेले अर्धे कोणते, याचा आज थोडा विचार करू.

प्रथम जुना काळ घेऊ. १६६० सालच्या जुलै महिन्यात शिवाजी महाराज पन्हाळ्याच्या वेढ्यातून निसटून विशाळगडाकडे निघाले आणि मागे खिंडीत बाजीप्रभू पाठलाग करणाऱ्या फौजेस अडवून राहिले. महाराज गडावर पोहोचले म्हणजे तोफांचे बार व्हावयाचे, असा संकेत ठरला होता असे परंपरा सांगते. हा संदेश किती तुटपुंजा आहे ते पाहा. तोफेला बोलता येते ते एवढेच, की 'आम्ही पोहोचलो.' खिंडीत किती माणसे उरली हे ती विचारू शकत नाही. उजवीकडे हटा, डावीकडे सरका, असेही सांगू शकत नाही. खिंड कशी लढवावयाची हे सर्वस्वी बाजीप्रभूंवर सोपविलेले होते. हेतू काय तो दोघांस ठाऊक, आणि हेतू सफळ झाल्याची खूण तेवढी ठरलेली. जुन्या युद्धपद्धतीचे सारे बळ यात आहे. हुकूम थोडा आणि भरवसा फार.

परंतु या पद्धतीचे दुबळेपणही तितकेच उघड आहे. पुढे शंभर वर्षांनी, पानिपतावर सदाशिवरावभाऊंची फौज अडकून पडली तेव्हा दक्षिणेशी त्यांचा पत्रव्यवहार अखेरच्या आठवड्यांत जवळजवळ तुटला होता. नानासाहेब पेशवे स्वतः फौज घेऊन उत्तरेकडे येत होते, पण पुतळ्यासारखी स्तब्ध उभी असलेली आपली एवढी मोठी फौज कोणत्या हालात आहे याची त्यांना यथार्थ कल्पना नव्हती. १४ जानेवारी १७६१ रोजी सर्वनाश झाला, आणि त्याची वार्ता पेशव्यांना भेलशाच्या बाजूस मिळाली ती जानेवारीच्या उत्तरार्धात; तीही सरकारी जासुदाकडून नव्हे, तर एका सावकारी पत्रातून, मोत्ये आणि मोहरा यांच्या सांकेतिक भाषेत. संदेश मंद असला म्हणजे सेनापती स्वतंत्र राहतो खरा, पण एकटाही पडतो.

आता आमच्या पनवेलकडे येऊ. आज मुंबईहून पुण्यास द्रुतगती मार्गाने जाणारा मनुष्य पनवेल मागे टाकून घाट चढतो आणि तास-दीड तासात तळेगावास पोहोचतो. याच वाटेने १७७८ च्या नोव्हेंबरात मुंबईकर इंग्रजांची फौज राघोबादादांना पेशवाईच्या गादीवर बसविण्यासाठी निघाली होती. मुंबईहून खाडीमार्गे पनवेलास उतरावयाचे, बोरघाट चढावयाचा आणि पुणे गाठावयाचे, असा तो बेत होता. फौज सुमारे ३,९०० आणि तिच्या सामानाला बैल मात्र १९,०००. पनवेलहून निघून घाटमाथा गाठण्यास डिसेंबरचा उत्तरार्ध उजाडला, आणि तळेगाव दिसले ते ९ जानेवारी १७७९ रोजी.

या मंदपणाचे एक कारण बैलांत होते, तसे दुसरे हुकमाच्या रचनेत होते. मुंबईच्या कौन्सिलास आपल्या सेनापतीवर पुरता विश्वास टाकवेना. आणि घाटावरून मुंबईस पत्र जाऊन उत्तर येईपर्यंत प्रसंग निघून जाईल हेही त्यांना कळत होते. तेव्हा त्यांनी एक युक्ती काढली. कौन्सिल फौजेबरोबरच पाठवून द्यावे! जॉन कार्नाक, कर्नल एगर्टन आणि मॉस्टिन अशा तिघांची समिती छावणीत नेमण्यात आली, आणि फौजेचा कारभार या तिघांच्या मताने चालावयाचा असे ठरले. म्हणजे संदेश पोहोचण्यास लागणारा वेळ वाचविण्यासाठी वरिष्ठच रणभूमीवर नेऊन बसविले. आज आपण पडद्यावरून आणि दूरध्वनीवरून जे करतो तेच त्यांनी मेण्यातून आणि घोड्यावरून केले.

परिणाम व्हावयाचा तोच झाला. कोणत्या सदस्यास किती मानाची सलामी द्यावी येथपासून वादास प्रारंभ झाला. मॉस्टिन आजारी पडून परतले आणि १ जानेवारी रोजी मुंबईस वारले. एगर्टननेही प्रकृतीच्या कारणास्तव सेनापतित्व कॉकबर्नच्या हाती दिले. आघाडीवर धडाडीने लढणारा कॅप्टन स्ट्युअर्ट, ज्याला मराठे कौतुकाने 'इष्टुर फाकडा' म्हणत, तो ४ जानेवारीस कार्ल्याजवळ पडला. तळेगावास पोहोचेपर्यंत पुढील मुलूख मराठ्यांनी ओसाड केलेला होता आणि गावही जाळलेले होते. इंग्रजांजवळ धान्य अजून अठरा दिवसांचे होते आणि पुणे दोन मजलांवर होते. परंतु समितीचा धीर सुटला. ११ जानेवारीच्या रात्री जड तोफा तळ्यात लोटून फौज मागे फिरली, ती वडगावास घेरली गेली. कॅप्टन हार्टले या तरुण अधिकाऱ्याने पिछाडी मोठ्या शर्थीने सांभाळली, पण वाटाघाटी करणारे दुसरेच होते. तहाची नामुष्की पत्करून फौज सुटली.

उलटपक्षी मराठ्यांकडील व्यवस्था पाहा. नाना फडणीस पुण्यात, महादजी शिंदे रणात. नानांनी रसद, पैसा आणि राजकारण सांभाळावे. महादजींनी कोंडी कशी करावी ते जागेवर ठरवावे. या दोघांचे परस्परांवर अपार प्रेम होते असे कोणताही इतिहासकार म्हणणार नाही. तरीही या मोहिमेत कोणाचे काम कोणते हे स्पष्ट होते, आणि पत्रे घोड्याच्याच वेगाने जात असूनही कारभार अडला नाही.

या प्रकरणाचा शेवट तर फारच बोधप्रद आहे. तहातील एका कलमानुसार बंगालहून येत असलेल्या गॉडर्डच्या फौजेस परत जाण्याविषयी लिहावयाचे होते, आणि तसे लिहिलेही गेले. परंतु समितीचे लोक घाट उतरून सुखरूप खाली कोकणात येताच त्यांनी आधीचा हुकूम रद्द करणारे दुसरे पत्र धाडले. गॉडर्ड तेव्हा बुऱ्हाणपुराच्या बाजूस होता. परस्परविरुद्ध पत्रे हाती आली असता त्याने काय केले? आपण कलकत्त्याच्या हुकमाचे ताबेदार आहोत, मुंबईच्या समितीचे नव्हे, असे मानून त्याने स्वतःच्या अकलेने फौज सुरतेकडे वळविली आणि फेब्रुवारीच्या अखेरीस ती तेथे पोहोचविली. मुंबई सरकारची पत त्या एका निर्णयाने सावरली. कार्नाक, एगर्टन व कॉकबर्न यांना मात्र पुढे कंपनीने नोकरीतून दूर केले. त्या साऱ्या मोहिमेत इंग्रजांकडील उत्तम निर्णय घेतला तो हुकमापासून सर्वांत दूर असलेल्या माणसाने, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

यानंतर पाऊणशे वर्षांनी तार आली. १८५४ साली मुंबई, आग्रा, कलकत्ता व मद्रास ही शहरे तारेने जोडली गेली. १८५७ च्या मे महिन्यात दिल्लीच्या तारघरातून अंबाल्यास गेलेल्या बातमीने इंग्रजांना पंजाबात सावध होण्यास अवसर मिळाला. तारेचा हा लाभ शाळेतील मुलांनाही पाठ असतो. परंतु तारेने आणखी एक गोष्ट केली, ती तितकीशी बोलली जात नाही. त्याच्या थोडे आधी, १८५५ च्या एप्रिलमध्ये, क्रिमियाच्या युद्धभूमीपर्यंत समुद्रातून तार नेण्यात आली आणि लंडन व पॅरिस येथील मंत्र्यांना व बादशहांना सेनापतीशी रोज बोलता येऊ लागले. तेव्हापासून सेनापतीच्या तंबूत शत्रूखेरीज दुसराही एक पाहुणा कायमचा येऊन बसला. तो म्हणजे राजधानीतून येणारा प्रश्न.

तारेचा स्वभाव मुळात समजून घेतला पाहिजे. तार शब्द नेते. जमीन नेत नाही. चिखल, थकवा, उपासमार, शिपायाच्या चेहऱ्यावरील भाव, यांतले काहीही तिच्यातून जात नाही. पण शब्द क्षणात जात असल्यामुळे पलीकडे बसलेल्या माणसास असा भास होतो की आपण तेथेच आहोत. या भासापायी केवढी किंमत द्यावी लागते याचे उदाहरण महाराष्ट्रातील शेकडो घरांनी भोगलेले आहे. ते म्हणजे मेसोपोटेमियाची मोहीम.

पहिल्या महायुद्धात 'सहावी पुणे डिव्हिजन' या नावाची फौज १९१४ च्या अखेरीस बसऱ्याकडे गेली. पुढे जनरल टाउनशेंड यांच्या हाताखाली तिने टायग्रिस नदीच्या काठाने वर चढत १९१५ च्या सप्टेंबरात कूत हे गाव घेतले. तीत १०३, ११० व ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. कोकणातील आणि देशावरील खेड्यांतून भरती झालेले ते जवान. आता प्रश्न असा होता की येथे थांबावे की बगदादेवर चाल करावी. टाउनशेंडचे मत थांबावे असे होते आणि ते त्याने वर कळविलेही होते. परंतु निर्णय त्याच्या हाती राहिला नव्हता. बसऱ्याकडील जनरल निक्सन, सिमल्याचे सरसेनापती, व्हाइसरॉय आणि लंडनचे मंत्रिमंडळ यांच्यात तारा सुरू झाल्या, आणि ऑक्टोबरात लंडनहून चाल करण्यास अनुमती आली. त्या तारांतून आशा, राजकारण, बगदादेचे नाव आणि प्रतिष्ठा, सारे काही आले-गेले. नदीचे पाणी किती उथळ आहे, बोटी किती कमी आहेत आणि जखमींना मागे न्यावयाचे कशातून, हे प्रश्न मात्र कोणाच्याच मनावर पुरेसे ठसले नाहीत.

नोव्हेंबरात टेसिफॉन येथे चार हजारांवर माणसे गमावून ही फौज माघारी कूतला आली आणि डिसेंबरात वेढली गेली. येथे बिनतारी यंत्राचा प्रवेश होतो. पानिपतावर भाऊंना जे लाभले नव्हते ते टाउनशेंडला लाभले होते. वेढ्यातूनही तो बाहेरच्या सेनापतीशी बोलू शकत होता, आणि हे बोलणे अखेरच्या दिवसापर्यंत चालू होते. मग सुटका का झाली नाही? अनेक कारणांपैकी एक आपल्या विषयास लागू आहे. गावातील धान्याचा पुरता शोध होण्याआधीच, आपल्याजवळ थोड्या आठवड्यांचीच शिधासामग्री आहे असा अंदाज त्याने बाहेर कळविला. तो आकडा क्षणात पोहोचला आणि त्याने सोडविण्यास येणाऱ्या फौजेची झोप उडविली. नुकतीच जहाजांतून उतरलेली, धड जुळणी न झालेली पथके घाईघाईने पुढे लोटण्यात आली आणि तुर्की खंदकांपुढे कापली गेली. जानेवारीच्या शेवटी शोध घेतला तेव्हा गावात आणखी पुष्कळ धान्य निघाले, आणि प्रत्यक्षात कूत २९ एप्रिल १९१६ पर्यंत टिकून राहिले. तोपर्यंत सुटकेच्या प्रयत्नांत सुमारे २३,००० माणसे मृत व जखमी झाली होती. आणि आत असलेली सुमारे १३,००० माणसे कैदेत गेली, त्यांतील कितीतरी परत आलीच नाहीत.

बिनतारी यंत्राने या ठिकाणी खोटे सांगितले नाही. त्याने एक कच्चा अंदाज पक्क्या बातमीच्या वेगाने पोहोचविला, इतकेच. पत्राला दहा दिवस लागत तेव्हा लिहिणारा दोनदा विचार करी आणि वाचणाराही त्या आकड्यात काळाचे अंतर मिळवून पाही. जलद संदेशाने ही सवय मोडली. १९१७ साली चौकशी आयोगाचा अहवाल प्रसिद्ध झाला. एवढ्या दूरच्या मोहिमेचा कारभार सिमल्याहून हाकला गेला यावर त्यात कडक टीका होती, आणि भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला.

एवढा धडा मिळाल्यावर तो कायमचा शिकला गेला असेल असे कोणास वाटेल. स्वतंत्र भारतात १९६२ साली तोच प्रकार हिमालयात घडला. नामका चू नावाच्या ओढ्याच्या काठी ब्रिगेडियर दळवी यांच्या हाताखालील सातवी ब्रिगेड खालच्या, गैरसोयीच्या जागी बसविण्यात आली. ती जागा लढण्यास अयोग्य आहे हे जागेवरचे अधिकारी सांगत होते. पण एकेक ठाणे कोठे असावे याचा विचार कितीतरी वरच्या पायरीवर चालला होता. कोअरचे सेनापती जनरल कौल आजारी पडून दिल्लीस आले, आणि घरी अंथरुणावर पडल्या पडल्या दूरध्वनीवरून आघाडीचे हुकूम देत राहिले. २० ऑक्टोबरच्या सकाळी चिनी हल्ला झाला, तारा तुटल्या, आणि ज्या पथकांना प्रत्येक गोष्ट वर विचारावयाची सवय लावली होती त्यांना विचारावयास कोणी उरले नाही. जवान शौर्याने लढले. पण काही तासांत ब्रिगेड मोडली.

या पराभवानंतर संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस गेले ते महाराष्ट्राचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण. पराभवाची लष्करी चौकशी झाली, आणि २ सप्टेंबर १९६३ रोजी चव्हाणांनी लोकसभेत निवेदन केले. त्यातील एक निष्कर्ष असा होता की, वरच्या काही सेनानींनी खालच्या अधिकाऱ्यांच्या कर्तृत्वावर पुरेसा भरवसा ठेवला नाही. आणि भूमीचे व तेथील जवानांच्या स्थितीचे खरे ज्ञान या खालच्या अधिकाऱ्यांनाच होते. वडगाव, कूत आणि नामका चू या तिन्ही ठिकाणी जे घडले त्याचे निदान या एका निष्कर्षात आले आहे.

येथे कोणी असा आक्षेप घेईल की, मग काय वरिष्ठांनी स्वस्थ बसावे? सरकारने सेनेला मोकाट सोडावे? मुळीच नाही. युद्ध करावे की नाही, कोठवर न्यावे, कोणते अस्त्र वापरू नये, हे ठरविणे लोकनियुक्त सरकारचेच काम होय, आणि जलद संदेशामुळे ते अधिक चांगले होते. १ सप्टेंबर १९६५ रोजी छांब विभागात पाकिस्तानी रणगाडे घुसले. त्या दिवशी दुपार टळल्यावर सेनाप्रमुख व वायुदलप्रमुख चव्हाणांकडे आले आणि विमाने वापरण्याची परवानगी त्यांनी मागितली. चव्हाणांनी ती थोड्या मिनिटांत दिली, आणि सूर्यास्तापूर्वी पठाणकोटहून विमाने उडाली. संदेशाची त्वरा येथे देशाच्या कामी आली. परंतु मंत्र्यांनी दिली ती परवानगी. वैमानिकाने कोणता रणगाडा टिपावा हे त्यांनी सांगितले नाही. 'काय' आणि 'का' हे वरून यावे, 'कसे' हे जागेवर ठरावे, ही मर्यादा पाळली म्हणजे तार मित्र होते. ती ओलांडली म्हणजे शत्रू होते.

ही मर्यादा कशी पाळावी याचे उत्तम उदाहरण आमच्याच जिल्ह्याच्या एका सुपुत्राने घालून दिले आहे. अलिबागेस जन्मलेले जनरल अरुणकुमार वैद्य १९६५ साली खेमकरण भागात डेक्कन हॉर्स या रणगाडा दळाचे प्रमुख होते, आणि १९७१ साली ब्रिगेडियर म्हणून शकरगड भागातील सोळाव्या चिलखती ब्रिगेडचे. दोन्ही युद्धांत त्यांना महावीर चक्र मिळाले. रणगाड्यांच्या लढाईत प्रत्येक रणगाड्यात बिनतारी यंत्र असते आणि ब्रिगेडियरला एकेका रणगाड्याशी बोलण्याचा मोह सहज होऊ शकतो. बसंतर नदीजवळ सुरुंग पेरलेल्या पट्ट्यातून रणगाडे पार करण्याची वेळ आली, तेव्हा वैद्य मागे बसून बोलत राहिले नाहीत. जिवाची तमा न बाळगता आघाडीच्या दळांबरोबर ते पलीकडे गेले. पुढाऱ्याने कोठे असावे याचे हे उत्तर होते.

त्यांच्याच ब्रिगेडमध्ये पूना हॉर्स हे दळ होते, आणि त्या दळात पुण्यास जन्मलेला, एकवीस वर्षांचा सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल होता. १६ डिसेंबर १९७१ रोजी त्याचा रणगाडा पेटला. बाहेर पड, असा हुकूम बिनतारीवरून आला. आपली तोफ अजून चालते आहे एवढे कळवून त्याने यंत्र बंद केले आणि तो लढत राहिला. त्या लढाईत तो कामास आला व मरणोत्तर परमवीर चक्राचा मानकरी ठरला. त्याने शिस्त मोडली असे म्हणण्यास कोणाचीही जीभ धजावणार नाही. तोफ चालते की नाही, ही गोष्ट जगात त्या क्षणी त्याला एकट्यालाच ठाऊक होती. हुकूम देणाऱ्याला तो रणगाडा दिसत नव्हता.

जलद संदेशाचा आणखी एक धोका सांगावयास हवा. जे आपण बोलतो ते शत्रूही ऐकू शकतो. १९१४ च्या ऑगस्टमध्ये रशियन सेनापतींनी बिनतारीवरून उघड्या भाषेत पाठविलेले हुकूम जर्मनांनी ऐकले, आणि टॅनेनबर्ग येथे एक संपूर्ण रशियन सेना नाश पावली. शतकानंतरही तेच. २०२३ च्या नववर्षाच्या रात्री युक्रेनमधील माकिइवका येथे रशियन सैनिकांच्या तळावर क्षेपणास्त्रे पडली आणि ८९ सैनिक ठार झाल्याचे रशियाने मान्य केले. सैनिकांनी बंदी असताना वापरलेले मोबाइल हे त्याचे मुख्य कारण असल्याचे रशियन संरक्षण खात्यानेच सांगितले.

हा धोका आपल्या दारापर्यंत येऊन गेलेला आहे. २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईवर हल्ला करणाऱ्या दहशतवाद्यांना पाकिस्तानात बसलेले त्यांचे सूत्रधार दूरध्वनीवरून क्षणाक्षणाला आज्ञा देत होते, आणि मुंबईत काय चालले आहे हे त्यांना दूरचित्रवाणीच्या पडद्यावर आयते दिसत होते. नरिमन हाउसवर कमांडो हेलिकॉप्टरमधून उतरत असताना तेही दृश्य थेट दाखविले जात होते. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने कसाबच्या खटल्याच्या निकालात या थेट प्रक्षेपणावर कडक ताशेरे ओढले. आपण घरी बसून डोळे विस्फारून जे पाहत होतो तेच शत्रूचे डोळे झाले होते.

त्याच रात्री गिरगाव चौपाटीवर दुसऱ्या प्रकारचे नेतृत्वही दिसले. पळवून नेलेल्या मोटारीची खबर पोलिसांना बिनतारीवरून मिळाली होती. यंत्राने तेवढेच सांगितले. नाकाबंदीवर मोटार अडल्यानंतर बंदूकधाऱ्याला जिवंत धरावयाचे कसे, हे सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी कोणालाही न विचारता ठरविले, आणि बंदुकीची नळी हातांनी धरून ठेवून प्राण दिला. त्यामुळे कसाब जिवंत सापडला व साऱ्या कटाचा उलगडा झाला. बाजीप्रभूंची खिंड आणि ही चौपाटी यांमध्ये साडेतीनशे वर्षांचे अंतर आहे. वार्ता नेण्याची साधने पार बदलली. जागेवरच्या माणसाची गरज मात्र तीच राहिली.

आज सेनापतीच्या पडद्यावर ड्रोनने टिपलेली एकेका सैनिकाची हालचाल दिसू शकते. दिसते म्हणून बोलावेसे वाटते, आणि बोलता येते म्हणून हुकूम द्यावासा वाटतो. तार होती तेव्हा निदान जमीन दिसत नव्हती याची जाणीव तरी होती. आता दिसते असे वाटते, आणि म्हणूनच मोह अधिक मोठा आहे. पुढील युद्धात शत्रू पहिला घाव घालील तो या संदेशांच्या जाळ्यावरच. ते तुटले असता ज्या फौजेतील सुभेदार आणि कॅप्टन हेतू जाणून स्वतः ठरवू शकतील ती टिकेल. ज्या फौजेतील अधिकारी यंत्राच्या आवाजाची वाट पाहत बसतील ती नामका चूच्या वाटेने जाईल. ही शक्ती युद्धाच्या दिवशी देता येत नाही. ती शांततेच्या काळात, चुका पोटात घालून आणि लहानांवर लहान जबाबदाऱ्या टाकून वाढवावी लागते.

आणि यात आपला, म्हणजे घरी बसून बातम्या ऐकणाऱ्या नागरिकांचाही वाटा आहे. सीमेवर काही घडले की घटकेत सारे कळावे असा आपला हट्ट असतो. तो हट्ट वृत्तवाहिन्यांवर, वाहिन्यांकडून मंत्र्यांवर, मंत्र्यांकडून सेनापतीवर आणि सेनापतीकडून शेवटी टेकडीवरच्या त्या तरुण अधिकाऱ्यावर जाऊन पडतो. २०२५ च्या एप्रिलमध्ये सरकारला पुन्हा एकदा वाहिन्यांना व समाजमाध्यमांना सांगावे लागले की सैन्याच्या हालचाली थेट दाखवू नका. ही सूचना पाळणे केवळ वाहिन्यांच्या हाती नाही. आपण ऐकण्याची घाई कमी केली, हाती आलेले चित्र पुढे धाडण्याआधी थांबलो, आणि जो तेथे उभा आहे त्याला त्याचे काम करू दिले, तर त्या टेकडीवरचे ओझे तेवढे तरी हलके होईल.